भाऊ रागीट आहे की आजारी? सोलापूरच्या एका ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ पंचविशीचा, पुण्यात नोकरीला. गेल्या तीन-चार वर्षांत त्याने बऱ्याच नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, दर वेळी साहेबाशी कडाक्याचं भांडण होऊन. दोन प्रेमप्रकरणं मोडली. दुसरं मोडलं तेव्हा त्याने दंडावर सिगारेटचे चटके देऊन घेतले. बहिणीला रात्री म्हणतो, "तुझ्याशिवाय माझं कुणी नाही," आणि चार दिवसांनी म्हणतो, "माझं वाटोळं तूच केलंस." आई म्हणते लाडावलाय, मामा म्हणतात दोनाचे चार हात करून टाका. एका डॉक्टरांनी बायपोलर (मूड उन्माद आणि नैराश्य अशा टोकांना जाण्याचा आजार) सांगून गोळ्या दिल्या, त्या त्याने महिनाभरात सोडल्या. मोबाइलवर शोधताना ताईंना 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे नाव सापडलं. हा व्यक्तिमत्त्व विकार आहे का, ते ओळखायचं कसं, आणि ओळखलं तर त्याला सांगायचं का, असं त्या विचारतात.

ताई, तुमची शंका रास्त आहे. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की माझ्याही मनात पहिलं नाव तेच येतं. त्याला न पाहता मी निदान करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. पण आम्हा डॉक्टरांकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे. माझ्यासमोर तो बसेल पाऊण तास, तोही बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. तुम्ही त्याला पाळण्यापासून पाहिलंय. एका भांडणावरून व्यक्तिमत्त्व विकार कुणालाच ओळखता येत नाही. तेच भांडण वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या ठिकाणी, वर्षानुवर्षं होत आलंय का, हे बघावं लागतं, आणि ते फक्त घरच्यांनी पाहिलेलं असतं. निदानाचं नाव आम्ही ठरवू. ही हकीकत जशीच्या तशी आमच्यापर्यंत आणणं हे तुमचं काम, आणि ते फार मोलाचं आहे.

आधी सर्वसाधारण कसोटी सांगते. कुणी चिडका असतो, कुणी संशयी, कुणी भिडस्त. तो स्वभाव झाला. तो विकार ठरतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र दिसतात. एक, वागण्याची ती तऱ्हा जुनी असते, पौगंडावस्थेत किंवा विशीच्या आसपास सुरू झालेली; जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गवारीत किमान दोन वर्षांचा काळ धरतात. दोन, ती एका माणसापुरती किंवा एका ऑफिसपुरती नसते. फक्त एका साहेबाशी पटत नसेल तर कदाचित साहेबच तसा असेल. आणि तीन, तिच्यामुळे त्याचं स्वतःचं किंवा जवळच्यांचं आयुष्य खरोखर अडतं: नोकरी टिकत नाही, नाती टिकत नाहीत, जिवाला धोका होतो.

यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून तुमचा विषय नसला तरी सांगून ठेवते. चाळीस-पन्नाशीपर्यंत शांत असलेला माणूस अचानक उधळा, निर्लज्ज किंवा निष्ठुर झाला, तर त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणू नका. तिथे मेंदूचा आजार, थायरॉइड, दारू, उशिरा सुरू झालेला मनोविकार हे आधी शोधायचं असतं. एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात विसरभोळेपणाच्या कितीतरी आधी स्वभावच बदलतो, आणि घरचे ते 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात.

आता बॉर्डरलाइन. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ मध्ये त्याची नऊ लक्षणं दिलेली आहेत आणि निदानाला किमान पाच लागतात. मी नऊच्या नऊ मोजून दाखवणार नाही, कारण यादी हातात आली की प्रत्येक घरात एक रुग्ण सापडतो. या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एक भीती असते, टाकून दिलं जाण्याची. ती प्रत्यक्षात कशी दिसते ते बघा.

समजा रात्री साडेदहाला त्याचा फोन येतो. तुम्ही बाळाला झोपवत असता, मोबाइल सायलेंटवर. अकरा वाजता बघता तर चौदा मिस्ड कॉल आणि खाली मेसेज. पहिला, "ताई, आहेस का?" मग, "बिझी असशील." मग, "कळलं. तुलाही मी नकोच आहे." मग, "यापुढे मला फोन करू नकोस." तुम्ही घाबरून फोन लावता तर नंबर ब्लॉक केलेला. रात्रभर तुमच्या डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी नऊला त्याचाच मेसेज: "चहा झाला का? आईची बीपीची गोळी संपत आली असेल, बघ जरा."

घरच्यांना या सकाळच्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग येतो. रात्री जीव टांगणीला लावला आणि सकाळी काही झालंच नाही असं वागतोय, म्हणजे ही नाटकं, असा निष्कर्ष निघतो. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या मनात जे उसळलं ते खरं होतं, आणि सकाळी ते ओसरलं हेही खरं. तुमचं फोन न उचलणं त्याला 'ताई कामात आहे' असं वाटतच नाही, 'ताई गेली' असं वाटतं. ज्या माणसावर सगळा जीव, त्याच्याचबद्दल क्षणात पराकोटीचा राग, हे याचंच दुसरं रूप. माणूस एक तर देव नाही तर दुष्ट. 'चांगली आहे, पण आज दमलीय' एवढं मधलं काही त्या क्षणी त्याला सुचत नाही.

दुसरी खूण घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण ती शांत असते. आतलं रिकामेपण. एखाद्या निवांत रविवारी विचारून बघा, "काही होत नसतं, तेव्हा तुला आत कसं वाटतं?" दुःखी माणूस दुःखाचं कारण सांगतो. या मुलांकडून पुष्कळदा "काहीच नाही, पोकळ" असं उत्तर येतं. आणि मग ती पोकळी भरायला एक-एक ध्यास: सहा महिने स्पर्धा परीक्षा, मग जिम, मग शेअर बाजार, मग नवी मैत्रीण आणि तिच्यासारखेच कपडे, तिच्यासारखंच बोलणं. आपण कोण, आपल्याला काय हवं, हेच जागेवर राहत नाही. त्याने नोकऱ्या सोडल्या तेव्हा नुसतं भांडण झालं होतं, की आधीच 'हे माझं नव्हेच' असं सुरू झालं होतं, हे आठवून बघा.

चटक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. 'लक्ष वेधून घ्यायला करतो' हे वाक्य मी फार ऐकलंय, अगदी दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांकडूनही. यातले बहुतेकजण जखमा लपवतात. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पोहायला नकार, आंघोळीनंतर लगेच कपडे घालून बाहेर येणं, अशा गोष्टींवरून त्या कळतात. आतली कालवाकालव असह्य झाली की शरीराची वेदना ती काही मिनिटं थांबवते, म्हणून ते हात पोळतात. बधिर वाटतं तेव्हा काहीतरी जाणवावं म्हणूनही पोळतात. मरायचा हेतू दर वेळी नसतो. पण स्वतःला इजा करणाऱ्या माणसात आत्महत्येचा धोका खराच वाढलेला असतो, म्हणून 'हा नेहमीच असं करतो' म्हणून सैल सोडू नका. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंयस का?" विचारल्याने कल्पना डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

बायपोलरचा गोंधळ का होतो? दोन्हींत मूड बदलतो, म्हणून. फरक काळात आणि कारणात आहे. बायपोलरमधला उन्माद किमान आठवडाभर टिकतो, सौम्य उन्माद किमान चार दिवस. त्या काळात माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, बोलणं थांबत नाही, मोठमोठे बेत आखतो, आणि ते कुणाच्या वागण्यावर अवलंबून नसतं. तुमच्या भावाचा मूड दिवसात चारदा बदलतो, आणि प्रत्येक बदलाला एक माणूस कारण असतो: कुणी उत्तर दिलं नाही, कुणी हसलं, कुणी उशीर केला. म्हणून 'झोप किती झाली आणि तरी थकवा होता का' हा प्रश्न मी घरच्यांना हटकून विचारते. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांचं चुकलंच असं म्हणू नका. त्यांना बहुधा एकाच भेटीतला चढलेला पारा दिसला असेल. याखेरीज नैराश्य, लहानपणापासूनचं एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), एखाद्या आघातानंतरचा ताण, दारू आणि गांजा, ही सगळी कारणं तपासावी लागतात. दारूबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. लाजेने वगळलं असेल तर डॉक्टरांपाशी वगळू नका.

तो मुलगा असल्यामुळे आणखी एक अडचण होते. दवाखान्यात या निदानाच्या बहुतेक रुग्ण स्त्रिया असतात, पण सर्वसाधारण लोकसंख्येत केलेल्या मोठ्या पाहण्यांत स्त्री-पुरुषांमधला फरक फारसा उरत नाही. मग पुरुष जातात कुठे? मुलगी हात कापते तेव्हा तिला डॉक्टरकडे नेतात. मुलगा भिंतीवर मूठ मारून बोटं मोडून घेतो, दारू पिऊन गाडी सुसाट सोडतो, तेव्हा त्याला रागीट, बेवडा, वाया गेलेला म्हणतात. तुमच्या आईचं 'लाडावलाय' हे त्यातलंच. त्यांना दोष देऊ नका, पण त्या शब्दावर थांबूही नका. आणि मोबाइलवर 'नार्सिसिस्ट (म्हणजे आत्मकेंद्री माणूस) कसा ओळखावा' सांगणारे व्हिडिओ बघणं थांबवा. त्यांतल्या सल्ल्याचा शेवट बहुतेक 'तोडून टाका' यावर होतो, आणि तुमच्या भावाला ज्याची सगळ्यात जास्त भीती आहे ते नेमकं हेच.

हे कशामुळे होतं, असं आई विचारतीलच. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असावा असं दिसतं. काही मुलं जन्मतःच हळवी असतात, भावना चटकन पेटते आणि उशिरा विझते. अशा मुलाला घरात 'मुलगा असून रडतोस?', 'एवढ्याशाने काय होतं?' हेच ऐकायला मिळालं, तर आपल्याला जे वाटतंय ते खरं की खोटं, हे त्याला स्वतःलाच कळेनासं होतं. काहींच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवडिलांचा वियोग असतो, सगळ्यांच्या नसतो. तेव्हा 'घरात काहीतरी वाईट घडलंच असणार' असा शोध सुरू करू नका. घडलं असेल तर तो सांगेल, त्याच्या वेळेला.

आता तुमचं काम. एक वही करा. त्यात मतं लिहायची नाहीत, प्रसंग लिहायचे. 'आज पुन्हा तमाशा केला' याचा मला काही उपयोग नाही. असं लिहा: 'मंगळवार. दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर चूक काढली, असं म्हणाला. संध्याकाळी सातपासून फोनवर रडत होता, नऊला शिवीगाळ, साडेदहाला शांत. रात्री दोन पेग. झोप बाराच्या पुढे, सकाळी उशिरा उठला, दमलेला.' कारण, सुरुवात, शेवट, झोप, नशा. असे आठ-दहा प्रसंग मला तुमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतात. सोबत एक पान जुन्या गोष्टींचं: शाळेत कसा होता, पहिल्यांदा हे कधी जाणवलं, घराण्यात कुणाला मानसिक आजार, कुणाची आत्महत्या. चांगले दिवसही लिहा. तो कुणासोबत शांत असतो, हे उपचारात फार कामी येतं. ही वही त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून भांडणात कधीही काढू नका.

भडका उडालेला असताना काय बोलायचं? तेव्हा खरं-खोटं करायला जाऊ नका. "फोन उचलला नाही म्हणून तुला एकटं पडल्यासारखं झालं, हे मला कळलं. मी बाळाला झोपवत होते. उद्या सकाळी नऊला मी फोन करते." एवढंच, आणि नऊला करायचाच, सव्वानऊला नाही. 'त्याचं वाटणं खरं आहे' हे मान्य करणं म्हणजे 'त्याचा आरोप खरा आहे' हे मान्य करणं नव्हे. "मी तुला कधीच एकटं सोडणार नाही, रात्री कितीही वाजता फोन कर" असं वचन मात्र देऊ नका. ते पाळणं माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ज्या रात्री मोडेल त्या रात्री त्याची भीती खरी ठरेल. मर्यादा शांत दिवशी सांगा: "शिव्या सुरू झाल्या की मी फोन ठेवीन आणि अर्ध्या तासाने स्वतः परत करीन." मग ठेवा, आणि परत करा. पैशांचंही तसंच. क्रेडिट कार्डची थकबाकी एकदा भरली की दर महिन्याला भरावी लागेल.

त्याला सांगायचं का? नाव सांगू नका. 'तुला पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे' हे बहिणीच्या तोंडून, त्यातही भांडणात, ऐकलं तर त्याला 'तू माणूस म्हणूनच बिघडलेला आहेस' एवढंच ऐकू येईल. त्रासाबद्दल बोला: "तुला झोप लागत नाही, रात्री जीव घाबरा होतो, नंतर तुलाच पस्तावा होतो. यावर इलाज असतो. मी सोबत येते." निदान डॉक्टर सांगतील, आणि सांगायलाच हवं. नीट समजावून सांगितलं तर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. आपण एकटेच असे नाही आणि याला नाव आहे, हे पहिल्यांदाच कळतं.

आणि इलाज खरोखर आहे. हा विकार जन्माचा चिकटतो, ही समजूत जुनी झाली. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांच्या गटाने रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत दर दहांतल्या नऊजणांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या पातळीखाली गेली. नोकरी आणि नाती पूर्ण मार्गी लागायला मात्र जास्त वेळ लागला, आणि ते साधारण निम्म्यांनाच जमलं, हेही तुम्हाला माहीत असावं. मुख्य उपचार बोलण्याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही सर्वांत अभ्यासलेली पद्धत आहे. त्यात आठवड्याला वैयक्तिक सत्र, कौशल्यांचा गटवर्ग आणि अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन असतं. आपल्याकडे पूर्ण स्वरूपात ती थोड्याच ठिकाणी मिळते. म्हणून खचू नका. २००९ साली टोरांटोमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या आजाराची जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नियमित, आखीव पद्धतीने केलेले उपचार वर्षाअखेर डीबीटीच्या बरोबरीने उतरले. एकच डॉक्टर किंवा समुपदेशक धरून वर्षभर टिकणं, यातच अर्धं यश आहे. गोळ्या सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी, थोड्या काळासाठी. खास या विकारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. त्यांनी काहींचा आवेगावरचा उरलासुरला ताबाही सुटतो.

मामांना माझा निरोप द्या: लग्न हा उपचार नाही. आज जे तुमच्या वाट्याला येतंय ते उद्या एका परक्या मुलीच्या वाट्याला येईल, रोज आणि चोवीस तास. आधी वर्षभर उपचार होऊ द्या, मग त्या मुलीला सगळं सांगून बघू.

सुरक्षिततेत मात्र दिरंगाई नको. त्याच्याकडे गोळ्यांचा साठा राहू देऊ नका, चार-पाच दिवसांच्याच ठेवा. गावाकडे शेती असेल तर कीटकनाशक, तणनाशक कुलपात, किल्ली त्याला माहीत नसलेल्या जागी. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर उतारा नाही, आणि या आजारातले निर्णय मिनिटांत होतात, म्हणून ती मिनिटं वाढवणं हाच बचाव. त्याने काही घेतलंच तर पोलीस केस होईल या भीतीने वेळ घालवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीत चालतो. तो त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या, तुमच्याही.

तो यायला नाहीच म्हणाला, आणि पहिल्यांदा बहुधा म्हणेलच, तर तुम्ही एकट्या जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, खर्च फार नसतो. कायद्याने डॉक्टर त्याची माहिती त्याच्या संमतीविना सहसा तुम्हाला देऊ शकत नाहीत, पण तुमचं ऐकून घेऊ शकतात आणि तुम्ही कसं वागावं हे सांगू शकतात. गेल्याचं त्याच्यापासून लपवू नका. "मला तुझी काळजी वाटत होती, काय करावं कळत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांना भेटून आले," एवढं साधेपणाने सांगा. दोन-तीन महिन्यांनी "काय म्हणाले ते?" असं तोच विचारतो, असा अनुभव आहे. तेव्हा पुढच्या भेटीची तारीख हाताशी असू द्या.